सुट्टीला म्हणून आणलेली पोर
धाकट्या भावाला खुलं पत्र

चि. धाकट्यास,

हे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू न उघडताच बाजूला सारलं असतंस. म्हणून छापायला दिलं. तुझं, तुझ्या बायकोचं आणि पोरीचं नाव यात नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, पण पुढे शाळेत पोरीला कुणी काही विचारू नये म्हणून नावं गाळली आहेत.

आधी तुझी हुशारी मान्य करते. तू हुशार आहेसच, आणि या कामात तुझी सगळी हुशारी पणाला लागली हे मला कागदांवरून दिसतं. जूनअखेरीस न्यू जर्सीतल्या एडिसनची शाळा सुटल्यावर पोरीला घेऊन आजीकडे जाणार, ऑगस्टात परत येणार, असं तू बायकोला सांगितलंस. परतीचं तिकीटही काढलंस आणि तिला मेलवर पाठवलंस. तिला रजा नव्हती, म्हणून ती मागे राहिली. तिने लेकीची बॅग भरली: पोहायचा चष्मा, डासांचं मलम, एडिसनच्या लायब्ररीचं एक पुस्तक आणि त्यात खुणेसाठी घातलेली परतीच्या तारखेची चिठ्ठी. तुझ्या स्वतःच्या बॅगेत काय होतं ते मी नंतर पाहिलं, कारण त्यातली फाइल आपल्याच घरातल्या कपाटात आहे. पोरीचा जन्माचा दाखला, लसीकरणाची सगळी नोंद, शाळेची प्रगतिपुस्तकं, ओसीआय कार्ड. सहा-सात आठवड्यांच्या सुट्टीला जन्माचा दाखला कोण घेऊन निघतं रे? पुण्यातल्या शाळेची प्रवेश फी तू एप्रिलमध्येच भरली होतीस. तेव्हा तुझी बायको आपल्या आईसाठी तुझ्या हाती पाठवायला स्वेटर शोधत होती.

ऑगस्टात ते विमान गेलं आणि त्यातल्या दोन जागा रिकाम्या राहिल्या. तिला चार ओळींचा मेल आला: मुलीच्या हितासाठी तिला भारतातच वाढवायचं ठरवलं आहे, कृपया समजून घ्यावं. खाली तुझ्या वकिलाचा नंबर.

त्यानंतर तू पुण्याच्या कुटुंब न्यायालयात पालकत्वाचा अर्ज टाकलास. १८९० सालच्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे असा अर्ज मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो, म्हणून तुझ्या अर्जात लिहिलं आहे की अल्पवयीन मुलगी कायम पुण्यात वास्तव्यास आहे. तो अर्ज दाखल झाला तेव्हा तिच्या बॅगेच्या मुठीवरची विमानाची चिकटपट्टी निघालेली नव्हती. मी स्वतः कात्रीने कापून काढली. सात वर्षांची पोर, जन्मापासून न्यू जर्सीत, बालवाडी तिथे, दुसरीत जायची तीही तिथेच. आणि खरं सांगण्याच्या शपथेवर तू लिहितोस, कायम पुण्यात.

बाबा म्हणतात, घरातली भांडणं कोर्टात नेतात का? ते हे तुझ्या बायकोला उद्देशून म्हणतात. पहिला अर्ज कुणी टाकला ते त्यांना ठाऊक आहे. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची या घराला आता सवय झाली आहे.

तुझी बायको पहिले काही आठवडे एका भाबड्या समजुतीवर तगून होती. पोर अमेरिकन नागरिक आहे, निळा पासपोर्ट आहे, तेव्हा अमेरिका तिला परत आणेल. एडिसनमधल्या मैत्रिणीही तेच सांगत होत्या. तू मात्र या बाबतीत पुरा अभ्यास करून आला होतास. मूल दोन देशांचं असलं की प्रत्येक देश त्याला आपलंच समजतो, आणि ते ज्या भूमीवर उभं असतं तिथला कायदा आधी चालतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पण ओसीआय कार्ड देतो, आणि ते कार्ड हाती असलं की पोर व्हिसाशिवाय इथे हवी तितकी वर्षं राहू शकते. व्हिसा संपेल, मुदत संपेल, कुणीतरी विचारायला येईल, असलं काहीच नाही. वकिलात फार तर पोरीची खुशाली विचारू शकते. पोलिसांसारखं दार उघडून तिला घेऊन जाऊ शकत नाही. हे कार्ड तुझ्या बायकोनेच रांगेत उभं राहून, दोघांच्या सह्या घेऊन काढलं होतं. पोरीला आजोळी आणि तुझ्या आईबापांकडे सहज येता-जाता यावं, म्हणून.

आणि तिकडून निघताना तुला कुणी अडवलंही नाही. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढायला दोन्ही पालकांची संमती लागते. तो एकदा हातात पडला की पुढचं सगळं मोकळं. तिथे देश सोडताना आपल्यासारखा शिक्का मारायला सरकारी अधिकारी बसलेला नसतो. दुसऱ्या पालकाचं पत्र दाखव, असं विमानतळावर विचारण्याची सक्ती नाही. बापाचा हात धरून निघालेल्या पोरीकडे कोण संशयाने बघणार?

तुझ्या सगळ्या बेताचा पाया वेगळाच होता. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेगला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. एका पालकाने सोळा वर्षांखालचं मूल त्याच्या नेहमीच्या राहत्या देशातून नेलं किंवा सुट्टीला नेऊन परत पाठवलं नाही, तर ते आधी परत पाठवायचं आणि ताबा कुणाकडे हा वाद त्याच देशातल्या कोर्टाने मिटवायचा, असं तो करार सांगतो. निर्णय सहा आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. श्रीलंका २००१ मध्ये आली. जपानवर बाहेर राहिल्याबद्दल वर्षानुवर्षं टीका व्हायची, तोही २०१४ मध्ये आला. पाकिस्तान २०१६ मध्ये सामील झाला. भारत आजही बाहेर आहे. विधी आयोगाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये या विषयावर अहवाल दिले, विधेयकाचा मसुदा झाला, २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनेही अहवाल दिला. सह्या झाल्या नाहीत. अमेरिकेने २०१४ मध्ये केलेल्या कायद्याप्रमाणे तिथलं परराष्ट्र खातं दरवर्षी अहवाल काढतं, आणि मुलं परत करण्यात कसूर करणाऱ्या देशांत वर्षानुवर्षं भारताचं नाव असतं. तो अहवाल तू आमच्यापेक्षा आधी वाचला होतास. तुझ्या लॅपटॉपवर तो उघडा होता आणि त्यातला भारतावरचा भाग पिवळा केलेला होता. इतरांना त्यात धोक्याची सूचना दिसते, तू त्यात आपली वाट शोधलीस.

करारात न जाण्याचं सरकारने दिलेलं कारण खोटं नाही, हेही मी इथेच लिहिते. परदेशात नवऱ्याचा मार खाऊन, पासपोर्ट काढून घेतलेला, खात्यात पैसा नाही, अशा अवस्थेत कशीबशी पोराला घेऊन माहेरी पळून आलेल्या बायका आहेत. त्यांना पुन्हा त्याच घराच्या दारात उभं करणारा करार नको, ही भीती रास्त आहे. अशा बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यातल्या एकीलाही मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण तुझ्या बायकोने तुझ्यावर हात उचलला? पोरीवर उचलला? तुझ्या अर्जात असं एक अक्षर नाही. तिच्याविरुद्ध तू लिहिलेलं सगळ्यात मोठं कारण हे, की ती नोकरीत फार गुंतलेली असते आणि मुलीवर भारतीय संस्कार होत नाहीत. मार खाणाऱ्या बायकांसाठी जी फट सरकारने उघडी ठेवली, त्या फटीतून तू, सहा आकडी डॉलरचा पगार घेणारा धडधाकट पुरुष, पोरीला घेऊन आत शिरलास. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत किळसवाणं काही वाटत असेल तर ते हे.

आता तुझ्या खऱ्या हत्याराबद्दल. तुझं हत्यार वेळ हे आहे.

आपल्या न्यायालयांनी तुझ्यासारख्यांना नेहमीच पाठीशी घातलं असं नाही. १९८६ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या एका बापाने घटस्फोटानंतर शनिवार-रविवारच्या भेटीसाठी मुलाला शाळेतून घेतलं आणि थेट पुण्याला आपल्या आईबापांकडे आणलं. हो, आपल्याच पुण्यात. आई अमेरिकेहून आली, सरळ सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुलगा तिच्या हवाली झाला. २००९ मध्ये एका प्रकरणात न्यायालयाने सीबीआयला कामाला लावलं. मूल चेन्नईत सापडलं, दोन वर्षं उलटली होती, पण आईने ते गावोगाव हलवत ठेवल्यामुळे इथे रुजलेलंच नव्हतं. त्याला अमेरिकेत परत पाठवण्यात आलं. २०२० मध्ये न्यायालयाने म्हटलं की मूल ही इकडून तिकडे फेकायची निर्जीव वस्तू नाही आणि त्याला दोन्ही पालकांचा सहवास मिळण्याचा हक्क आहे. २०२२ मध्ये बंगळुरूत आणलेल्या एका अमेरिकन मुलाला परत पाठवताना मुलाची इच्छा आणि मुलाचं हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सांगितलं.

पण तू वाचतोस ते दुसऱ्या रांगेतले निकाल. १९९७ मधला, ज्यात तान्हेपणी मुंबईत आणलेला मुलगा निकाल लागेपर्यंत बारा वर्षांच्या पुढे गेला होता आणि इथेच राहिला. २०१७ मधला, ज्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा फक्त एक मुद्दा, मुलाचं हित सर्वांत वर. ते निकाल चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. मुलाचं हित सर्वांत वर असलंच पाहिजे. मूल नुकतंच आणलेलं असेल तर न्यायालय थोडक्यात चौकशी करून ते परत पाठवू शकतं. मूल रुजलं असेल तर सविस्तर चौकशी, म्हणजे साक्षी, अहवाल, समुपदेशक, तारखा. मूल रुजायला काय लागतं? नुसता काळ. आणि काळ तुझ्या हातात आहे, कारण पोर तुझ्या हातात आहे.

म्हणूनच तुझ्या बायकोने मुंबई उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे पोरीला कोर्टापुढे हजर करण्याची, याचिका दाखल केल्यापासून तुझ्या बाजूने एकही काम वेळेवर झालेलं नाही. उत्तराला मुदत हवी. वकिलांना बरं नाही. कागदपत्रांच्या प्रती अपुऱ्या आहेत. मुलीची परीक्षा आहे, आत्ता तिला विचलित करू नये. दर वेळी एक साळसूद कारण, आणि दर तारखेमागे तिच्या इंग्रजीतला एकेक शब्द मराठी होतो, एकेक मैत्रीण पुण्यात होते, सोसायटीच्या गणपतीत नाच बसतो. मग शेवटी तू उभा राहशील आणि म्हणशील, माय लॉर्ड, पोर इथे किती रुळली आहे बघा, आता तिला उपटून नेणं क्रूरपणा होईल. तिला पहिल्यांदा उपटलं कुणी, हे तेव्हा कुणी विचारू नये एवढीच तुझी अपेक्षा आहे.

ती रुळली आहे का, ते मी सांगते. तू नव्हतास त्या रविवारी मी घरी होते. व्हिडिओ कॉलची वेळ तू संध्याकाळी साडेपाचची ठरवली आहेस. तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात आणि तिची आई कामावर निघायच्या घाईत असते. कॉल दिवाणखान्यात, टीव्ही चालू, आपली आई शेजारी बसलेली. पोरीचा पुढचा दात आदल्या दिवशी पडला होता. आजीने तो रीतीप्रमाणे कौलावर टाकला होता. पोरीने स्क्रीनला तोंड लावून फट दाखवली. तिच्या आईने विचारलं, दुखलं का गं? पोरीने आधी आजीकडे पाहिलं, मग म्हणाली, नाही, मी इथे खूश आहे. तिला कुणी खूश आहेस का असं विचारलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ कसं असतं, हे तू किंवा आईने मला समजावून सांगावं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पोर आजीकडे आहे, रानात नाही, एवढं तिचं म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात तू बाबांना मोबाइलवर एक कात्रण दाखवत होतास. नागपूर खंडपीठाचा २०२३ चा निकाल: कोर्टाचा मनाई हुकूम नसताना बापाने स्वतःचं मूल आईकडून नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही. बाबा समाधानाने हसले. त्यांना पुढचं तू सांगितलं नाहीस. अमेरिकेत १९९३ पासून केंद्रीय कायदा आहे. पालकाने मूल देशाबाहेर नेऊन दुसऱ्या पालकाचा हक्क डावलला तर तीन वर्षांपर्यंत कैद. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याखाली सात वर्षांपर्यंत. न्यू जर्सीच्या कोर्टाने तात्पुरता ताबा पोरीच्या आईला दिला आहे. तिकडे वॉरंट निघालं तर तुझं ग्रीन कार्ड, नोकरी, घर यांचं काय होणार हा तुझा प्रश्न. माझा प्रश्न पोरीचा आहे. तू पकडला जाण्याच्या भीतीने तिला कधीच तिकडे घेऊन जाऊ शकणार नाहीस, आणि तिच्या आईला इथे येऊन परक्यासारखं भेटीचे तास मागावे लागतील. पोरीचे दोन देश होते. तू तिला एकच ठेवलास आणि एक पालकही कमी केलास.

हे पत्र तुला लिहिलं असलं तरी ते एडिसनमध्ये, लेस्टरमध्ये, दुबईत वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे. घरात धुसफूस सुरू असेल आणि जोडीदार एकट्याने पोराला घेऊन भारतात निघाला असेल, तर बायांनो आणि बाप्यांनो, लाजू नका. विश्वास नाही का, असं विचारलं जाईलच. परतीचं तिकीट म्हणजे परतीची हमी नव्हे. जाण्याची आणि परतीची तारीख, पत्ता, मूल कुठल्या देशात कायम राहतं, हे सगळं लिहून दोघांच्या सह्यांनिशी नोटरी करून घ्या. वाद कोर्टात असेल तर तिथूनच आदेश घ्या, जामिनाची रक्कम ठेवायला लावा, आणि निघण्याआधी तोच आदेश भारतातल्या न्यायालयाकडून करून घ्या. त्याला वकील मिरर ऑर्डर म्हणतात. तो आदेश खरा आहे ना, हे स्वतः त्या कोर्टात जाऊन तपासा. केनियाच्या एका बापाने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मुलाचा ताबा मिळवला आणि अट म्हणून सादर केलेला नैरोबीच्या कोर्टाचा आदेश बनावट निघाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो ताबा बेकायदा ठरवला, पण मूल तोवर देशाबाहेर गेलं होतं. अमेरिकेत असाल तर परराष्ट्र खात्याकडे मुलाच्या पासपोर्टची सूचना नोंदवून ठेवता येते. मुलाच्या नावाने नवा अर्ज आला की तुम्हाला कळवतात. हातात असलेल्या पासपोर्टला मात्र ती सूचना थांबवत नाही, म्हणून तो पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे हे माहीत असू द्या. आणि मूल परत आलं नाही तर सासरच्यांच्या मध्यस्थीत महिने घालवू नका. पहिल्याच आठवड्यात उच्च न्यायालयात जा.

धाकट्या, तुझ्याकडे अजून एक रस्ता उरला आहे. तू स्वतः कोर्टात उभा राहा आणि सांग की मी मुलीला परत घेऊन जातो, ताब्याचा वाद न्यू जर्सीत लढतो. तिथे तू हरशीलच असं नाही. बाप म्हणून तुझे हक्क तिथलं कोर्ट ऐकेल. तिच्या आईनेही लेखी दिलं आहे की तू पोरीला परत आणलंस तर ती तुझ्याविरुद्ध फौजदारी कारवाईचा आग्रह धरणार नाही. तिच्या जागी मी असते तर इतकं मोठं मन दाखवलं नसतं.

नाही केलंस, तर पुढच्या तारखेला मला तुझ्या बाजूच्या बाकावर शोधू नकोस. पोरीची बॅग कुणी भरली होती, परतीचं तिकीट कधीचं होतं, पुण्याच्या शाळेची फी कधी भरली गेली आणि कपाटातल्या फाइलमध्ये काय काय आहे, हे सगळं लिहून मी प्रतिज्ञापत्र केलं आहे. ते काल तुझ्या बायकोच्या वकिलांकडे पोचलं.

तुझी,
ताई